शेवंती आणि फाटकावरचा दिवा

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा कंबरेचा पट्टा सुटला. आता काठी टेकत खिडकीपर्यंत जातात. खुर्ची तिथेच टाकून घेतली आहे, समोर फाटक दिसतं म्हणून.

गुडघा किती दुखतो ते तू लिहिलंच नाहीस. नुसती ऑपरेशनची तारीख, आणि खाली, "ताई, 'शेवंती फुलली की येते' हे तुझं पालुपद आता पुरे. तीन वर्षं झाली. शेवंती लावलीस की वड?"

हसले. मग हसू गेलं.

तू दिलेले मुनवे, मुळाशी फुटलेले ते कोंब, छान रुजले गं. बोर्डिंगात सिस्टरनं शिकवलं होतं तसे वीतभर झाल्यावर शेंडे खुडले. आठवतं? तू रडवेली झाली होतीस आणि ती म्हणाली होती, "खुडल्याशिवाय झाड भरत नाही, मुलींनो." भरलं, कुंडीत मावेना इतकं. पोस्टमन विचारतो, "बाई, पालेभाजी लावलीत का?" कळी मात्र एक नाही.

का नाही, ते मला ठाऊक होतं, ठमे.

रोपवाटिकेतल्या माळीबुवांना मी दोन वर्षांपूर्वीच विचारलं होतं. ते म्हणाले, "रात्री जवळ दिवा असतो का?" असतो. फाटकावरचा, तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत. कुलूप लावलेलं आहे हे ह्यांना अंथरुणातून दिसावं लागतं. "मग जन्मात फुलायची नाही," माळीबुवा म्हणाले. "शेवंतीला मोठी रात्र लागते. संध्याकाळी सहाला खोक्याखाली झाका, सकाळी आठला काढा."

खोका माळ्यावर होता. मी तो काढला नाही. फुलली असती, तर तुझ्याकडे यायचं ह्यांना विचारावं लागलं असतं.

आता लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी तुला कळवलं, ह्यांना ताप आहे, निघता येत नाही. ताप नव्हता. तुला वाटेल ह्यांनी अडवलं. तेही नाही. माझी बॅग भरून झाली होती. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर करून एवढंच म्हटलं, "कुठे?" आणि मी म्हटलं, "कुठे नाही, कपाट आवरतेय." मग खरंच कपाट आवरलं. आईची उशी तू एकटीनं बदलत होतीस, आणि मी इथे कपड्यांच्या घड्या घालत होते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी खोका काढला. रोज सहाला झाकते. ह्यांनी दोनदा विचारलं, "काय झाकतेस गं रोज?" मी म्हटलं, "झाड."

काल कळी दिसली. मुगाच्या दाण्याएवढी. बोटं सवयीनं शेंड्याकडे गेली, मी हात मागे घेतला.

तशीच ह्यांचा चहा घेऊन आत गेले आणि म्हटलं, "मी ठमीकडे जाते आहे. तीन आठवडे. पुतणसून येऊन राहील."

ह्यांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि दिवा कोण लावणार?"

"बटण तुमच्या उशाशीच आहे," मी म्हटलं. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन मीच ते दाबत होते. त्यांनी बटणाकडे असं पाहिलं, जसं कुणी ते कालच बसवून गेलं असावं.

तेव्हापासून बोलले नाहीत. चहा मात्र प्यायले.

सहा वाजत आले, खोका ठेवायला उठते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळची गाडी आहे. फाटकाची किल्ली ह्यांच्या उशाखाली असते, ती मागायची अजून बाकी आहे.

मी उतरले नाही, तर एवढं समज, ठमे: ह्या खेपेला घरात कुणालाही ताप आलेला नाही.

तुझी,
ताई