बाबांचा जाड कोट

प्रिय ठमे,

फोनवर डॉक्टरचा विषय निघाला की नेमकी तुझी रेंज जाते, म्हणून हा कागद. मध्येच घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

कुत्री मजेत आहेत. राखणीची शिकवणी चालू आहे, पण खोटा चोर व्हायला आता मी माणूस ठेवलाय. मला ते झेपेना. कितीतरी महिने गळून गेल्यासारखं वाटायचं, जीभ चुरचुरायची, दोन घासांत पोट भरायचं. मीही तुझ्यासारखीच पित्ताच्या गोळ्या चघळत, वय झालं म्हणत बसले. मग एका सकाळी पिंजरे धुऊन घरात आले, तर लादीवर रक्ताचे डाग. म्हटलं, कुणाचा तरी पंजा कापला. एकेका कुत्र्याला धरून चारी पंजे तपासले, दोघांनी गुरगुरून दाखवलं. डाग मात्र वाढतच होते. काच माझ्याच टाचेत होती, आणि मला पत्ताच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून पोटात पाहिलं, तिथला तुकडाही काढला. त्यांचं म्हणणं असं, की लहानपणी कधीतरी एक जंतू पोटात वस्तीला आला असावा. घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो. त्याच्या अंगाचा काही भाग आपल्या पोटातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींसारखा असतो. शरीराचे राखणदार त्याच्यावर धावून जायला शिकतात, आणि मग तसेच दिसणारे घरचेही त्यांच्या तावडीत सापडतात. असंच झालं असेल, अशी शंका आहे. शपथेवर कुणी सांगत नाही. माझ्या पेशी मात्र पार उद्ध्वस्त झाल्यात. त्यांच्याशिवाय अन्नातलं बी-बारा अंगी लागत नाही, आणि ते नसलं की रक्त आटतं, नसा मरायला लागतात, पाय बधिर होतात.

बाई पोटाचं सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे आपला कुत्रा, काळ्या. तुझ्याच पायाशी झोपणारा काळ्या. बाबा तो जाड कोट घालून चोर व्हायचे आणि काळ्या बाहीला लटकायचा. मग त्या कडाक्याच्या थंडीत तू दूध आणायला निघालीस आणि खुंटीवरचा तोच कोट अंगात चढवलास. मोठी बाही दुमडून ठेवली होतीस, म्हणून दात थेट मनगटात गेले. तू ओरडत होतीस आणि तो सोडत नव्हता. बाबा म्हणाले, त्याची चूक नाही, शिकवलं तेच त्याने केलं. त्याबद्दल तू बाबांना कधी माफ केलं नाहीस, ते मला माहीत आहे. कोट त्यांनी परसात जाळून टाकला. तरी काळ्या तुझ्यावर गुरगुरतच राहिला, आठवतं? माझ्या पोटात आता तो जंतूही सापडला नाही. कोट गेला, पण गुरगुर थांबलेली नाही.

मला आता इंजेक्शनं चालू आहेत. अंगात जीव येतोय. पायांचं मात्र सांगता येत नाही. फार उशीर केलात, असं बाई म्हणाल्या. तेवढं ऐकून घरी आले आणि भांडी घासता घासता रडले.

आता खरं सांगते. परवा तू हसत हसत सांगितलंस, की शाळेची बस भरून निघालीस आणि पुढच्या थांब्यावर मुलांनी दाखवलं तेव्हा कळलं, ड्रायव्हरबाईंच्या एका पायात चप्पलच नाही. मीही हसले. फोन ठेवला आणि टाचेतली काच आठवली. आपण एका ताटात जेवलो, एकमेकींचं उष्टं खाल्लं, आणि थकवा, जीभ, गोळ्या, सगळं तुझंही तेच आहे. तुला तेच झालंय असं मी म्हणत नाही, देव करो आणि मी खोटी पडो. पण रक्त तपासून येईपर्यंत स्टीअरिंगला हात लावू नकोस. मालकांना माझं नाव सांग, वेडी बहीण ऐकत नाही म्हण. चिडायचं तर खुशाल चीड, पण रजा टाकून. चप्पल कुठल्या पायातली गेली ते तू सांगितलं नाहीस, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. ब्रेकवर उजवा पाय असतो, ठमे.

तुझीच,
वाट बघत बसलेली ताई