शेवटच्या कवळीचं शूटिंग

३ मार्च, मंगळवार

फिल्म नाही! म्हणजे आहे, पण फरशीची आहे. टेबलाच्या पायाची आहे. माझ्या चपलांची आहे. आमच्या भोंग्याच्या पोटाची तर चांगली दीड मिनिटं आहे.

काल दिवसभर बाबांच्या कामाच्या खोलीत शूटिंग केलं. चाळीस वर्षं बाबा दाताच्या डॉक्टरांना कवळ्या करून देत आले. आता डॉक्टर त्या बाहेरून मशीनवर करून घेणार. काल बाबांनी शेवटची कवळी पुरी केली आणि खोलीला कुलूप लावलं. कवळी साच्यातून काढताना, घासताना, डबीत ठेवताना — सगळं मी घेतलं. घेतलं असं मला वाटलं!

झालं काय, स्क्रीनवरचे आकडे आणि खुणा नजरेत येतात म्हणून मी त्या बंद करून टाकल्या. अतिशहाणी! सकाळी स्टँड लावताना बटण एकदा आधीच दाबलं गेलं असणार. तिथून पुढे मी "रेकॉर्डिंग!" म्हणून दाबलं की कॅमेरा बंद, आणि "कट!" म्हणून दाबलं की सुरू. दिवसभर उलटं. एकही टेक नाही. मध्ये मध्ये कॅमेरा उचलून फिरत होते तेवढं मात्र सगळं आलंय.

फिल्मच्या कोर्सला मागच्या वर्षी नापास झालेय. वीस तारखेला फिल्म दिली नाही तर नाव काढून टाकणार. आणि शेवटची कवळी काही पुन्हा होत नाही.

४ मार्च, बुधवार

जेवताना बाबांनी विचारलं, "कसं आलंय गं?"

"छान."



६ मार्च, शुक्रवार

भोंग्याला सांगितलं. आमच्या फिल्मच्या आवाजाचं काम त्याच्याकडे, आणि त्याचा स्वतःचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो, म्हणून भोंगा. वाटलं होतं, खो खो हसेल. हसला नाही. तेच जास्त लागलं.

"बाबांना सांग ना. परत करू."

परत काय करू, कपाळ? पॉलिशचं मशीन कालच भंगारवाला घेऊन गेला. बाबा जिन्यापर्यंत मशीन धरायला गेले. "हळू, हळू," म्हणत होते. भंगारात जाणाऱ्या मशीनला हळू!

७ मार्च, शनिवार

काही सुचत नाही. पांघरूण घेऊन पडून राहिले. ताप आलाय असं आईला सांगितलं. आता आईशीही खोटं.

९ मार्च, सोमवार

एडिटिंगच्या बाईंना दाखवलं. सगळंच्या सगळं बघितलं त्यांनी, फरशीसकट. मी आपली नखं खात बसले होते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "कॅमेरा कुठे ठेवायचा ते तुला कळत नाही, कारण काय बघायचंय ते तू ठरवलेलंच नाहीस." मग उठता उठता, "सगळ्या तुकड्यांची यादी कर. काय दिसतं, काय ऐकू येतं. एकही गाळायचा नाही."

बाहेर येऊन जिन्यावर बसले. खरंच सांगते, मला हे येत नाही. आवड आहे म्हणून येतं असं थोडंच आहे!

११ मार्च, बुधवार

तुकडा ७ — फरशी. तुकडा ८ — फरशी, भोंगा शिंकतो. तुकडा ९ — भिंत, मग छत, मग मी: "बाबा, जरा हसा ना!" किती कर्कश्श बोलते मी.

तुकडा १९. अकरा मिनिटं!

मी आणि भोंगा चहाला गेलो होतो तेव्हाचा. कॅमेरा स्टँडवर, माइक बाबांच्या कॉलरला तसाच. चौकट वाकडी, बाबांचा अर्धाच चेहरा दिसतो. पण काम करतायत! माझ्यासमोर नुसते ताठ बसले होते — "मी गेली चाळीस वर्षे या व्यवसायात कार्यरत आहे." असं घरी कोण बोलतं? इथे कवळीच्या कडेवरून अंगठा फिरवतायत, थांबतायत, परत फिरवतायत. एवढंसं टोक लागलं तरी माणसाचं तोंड सोलतं म्हणून.

मग आई डबा घेऊन येते. बाबा मान वर न करता म्हणतात, "उद्यापासून सकाळी उठून जायचं कुठे?"

"घरी बसा की जरा. पुष्कळ केलंत."

"बसून काय करू? भीती वाटते गं मला. पोरगी हस म्हणते, मी हसतो. आतून पार रिकामं झाल्यासारखं झालंय." मग बराच वेळ नुसता घासल्याचा आवाज. मग, "तिला नको सांगूस हं."

हेडफोन कानावर ठेवूनच रडले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं काही न विचारता पाण्याची बाटली सरकवली. मी नऊ दिवस माझ्याच नावाने गळा काढत बसलेय, आणि घरात हे.

१३ मार्च, शुक्रवार

बाई म्हणाल्या, "हीच तुझी फिल्म."

"चोरलेलं आहे ते, बाई."

"मग विचार त्यांना."

विचारायचं म्हणजे आधी सगळं कबूल करायचं. बटण. "छान." आणि वर, तुमचं ते बोलणं मी ऐकलं.

१५ मार्च, रविवार

नाही विचारलं.

१७ मार्च, मंगळवार

आज जोडकाम. "भीती वाटते" नंतर मी लगेच कापलं होतं. बाईंनी परत लावायला लावलं — "श्वास तर घेऊ दे त्यांना!" अर्ध्या सेकंदाचा फरक. तेवढ्याने माणूस माणूस वाटतो. बाबांच्या आवाजावर फरशीचे तुकडे टाकले, ते तर इतके चपखल बसले की मलाच माझा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धड जमलं, ते बापाचं दुःख उचलून.

१९ मार्च, गुरुवार

उद्या द्यायची. आधी बाबांना दाखवणार, मग काय व्हायचं ते होवो. नको म्हणाले तर तो तुकडा काढीन. काढला की फिल्मच उरत नाही, आणि मीही तिथे उरत नाही.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी दाखवली. आई मध्येच उठून आत गेली. बाबा शेवटपर्यंत बसले. मी सगळं एका दमात ओकून टाकलं.

"माहीत आहे," म्हणाले. "तू रेकॉर्डिंग म्हणालीस की कॅमेऱ्याचा समोरचा लाल दिवा विझायचा, कट म्हणालीस की लागायचा. दोनदा ओठांवर आलं होतं, सांगावं म्हणून."

"मग सांगितलं का नाही, बाबा?"

"तू समोर असलीस की मला बोलता येत नाही. तुम्ही चहाला गेलात तेव्हा दिवा लागलेला होता. म्हणून तर बोललो."