मागच्या पेट्यांतले स्पीकर

त्रुचास, न्यू मेक्सिको
४ मार्च

चि. एलिसेओ यास आजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर खरखर येते, आजी, पत्रच पाठव, असं तू म्हणालास, म्हणून शेजारच्या बेनिताला बसवून हे सांगतेय. याच फोनवर तिची बहीण टेक्सासहून बोलते ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. खरखर फक्त तुझ्याच घरी राहायला गेलेली दिसते.

तुझी बायको, नोएमी, सांगत होती, मोटरसायकलचे स्पीकर पुन्हा बदलतोयस. थंडीच्या आधी बदललेस ते काय आंबले? तुझी गाडी आली की गल्लीतली कुत्री घर सोडतात म्हणे. बाळा, त्या गाडीचा घसा उत्तम आहे. तू एकदा कान दाखवून ये डॉक्टरला. इतकी वर्षं वाऱ्यात उघडे टाकलेत ते.

उपवासाचा पानोचा शिजवलाय, मोडाच्या गव्हाचं पीठ घालून, गोड. तू येईपर्यंत उरला तर तुझा.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी आजी यूफेलिया
(हस्ते बेनिता. ती हसतेय, तेही लिही म्हटलं.)

आल्बुकर्की
१५ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

माझे कान ठणठणीत आहेत. नोएमीच हल्ली पुटपुटते. खरा चोर वारा आहे. हमरस्त्यावर वेग घेतला की गाणं मागच्या मागे उडून जातं, ते तुला अंगणात बसून कसं कळणार? हँडलजवळचे स्पीकर तिथे पुरत नाहीत. म्हणून मागच्या दोन्ही पेट्यांच्या झाकणांत मोठे बसवतोय, आणि पुढे काचेखाली नवा अँप्लिफायर.

घाई अशी, की यंदा गुड फ्रायडेला आमच्या मोटरसायकल क्लबच्या रांगेत सर्वांत पुढे मी आहे. जो पुढे, त्याने आपल्या घरच्या गेलेल्या माणसाचा आवाज लावायचा आणि बाकीच्यांनी त्यामागून हळूहळू तुमचा डोंगर चढायचा, ही आमची रीत. मी सिप्रियानो आजोबांनी गायलेलं भजन लावणार. शेवटच्या गाडीपर्यंत पोचलं पाहिजे.

त्याच आठवड्यात बुधवारी येऊन आधी तुलाच ऐकवतो. पानोचा लपवून ठेव.

तुझ्या शिव्यांचा भुकेला,
एलिसेओ

त्रुचास
पवित्र आठवड्यातला बुधवार

चि. सौ. नोएमी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मागून ट्रक हॉर्न देत अंगावर आला आणि एलिसेओला शेवटपर्यंत पत्ता नव्हता, हे मी बेनिताकडून दोनदा वाचून घेतलं. डॉक्टरचं नाव काढलं की ताटावरून उठतो म्हणतेस. माझ्याकडे तर तो ताटावर बसून सगळं ऐकल्यासारखी मान हलवतो.

आज आला. अंगणात गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, मला खुर्ची दिली आणि भजन लावलं. आता छप्पर जातं म्हणून मी कानांवर हात घेतले. थोड्या वेळाने काढले. कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या. इंजिनाची घरघर, बाकी काही नाही. कुठली तरी तार निसटली असणार. गाडीच्या स्क्रीनवर मात्र भजनाच्या नावाची अक्षरं पळत होती, आणि एलिसेओ थरथरत्या टाकीवर हात ठेवून आजोबांच्या चालीत गुणगुणत होता. मग वळून मला विचारलं, कसं वाजतंय.

साऱ्या गावाला बोलणारी मी. म्हटलं, छान वाजतंय, म्हातारा अंगणात आल्यासारखा वाटला. तो लहानपणी हसायचा तसा हसला.

तार क्लबातलं कुणीही जोडून देईल. कानांचं त्यांच्यातल्या कुणाला जमणार नाही. म्हणून मी त्याला सांगितलं, शुक्रवारी तुझ्या मागे मी बसणार. त्याला वाटतंय, म्हातारीला भजन जवळून ऐकायचंय. फार खूश आहे. बेनिताने हेल्मेट आणलंय, त्यात माझा अंबाडा मावत नाही. मागून हॉर्न आला की त्याचा उजवा खांदा दाबायचा, एवढंच मी ठरवलंय.

ईस्टरच्या रविवारनंतर काय करायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर कळव, आणि आजीवर लोभ आहे तसा राहू दे.

यूफेलिया