भावाच्या नावावर विकलेली एकोणीस व्हायोलिने

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, धंदा वाद्यविक्री (दोन वर्षांपासून बंद), राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, आज पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला आता कोणी उरलेलेही नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी असे काही लिहून दिलेले नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती दोन्ही रद्द समजावीत. त्यांत मी खरे लिहिले नव्हते.

वकीलसाहेब म्हणाले, मालमत्ता आणि वारस एवढेच लिहा, बाकीचे कोर्टाला नको असते. कोर्टाला नको असेल तर कोर्टाने ती पाने उलटावीत.

कलम १. तळमजल्यावरचे दुकान, त्यामागची कामाची खोली आणि वरच्या दोन खोल्या ही माझी एकटीची मालमत्ता आहे. वडिलांनी जाताना ती माझ्या नावे केली, धाकट्या भावाच्या नाही. त्यांचे शब्द होते, "त्याच्या हातात कला आहे, पण त्याला जग कळत नाही. दुकान तू सांभाळ, आणि त्यालाही सांभाळ." दुकान मी सांभाळले. ही सर्व जागा माझ्या पश्चात माझ्या भाचीला, म्हणजे त्या भावाच्या एकुलत्या मुलीला, मिळावी. तिने ती विकावी, भाड्याने द्यावी, कुलूप लावून ठेवावी. तिने तिथे वाद्यांचे दुकान काढावे अशी माझी इच्छा नाही. असली तर ती मी मनात ठेवते.

या रस्त्यावर एके काळी आमच्यासकट वाद्यांची चार दुकाने होती. शनिवारी दुपारी गल्ल्यावर उभे राहिले की समोरच्या दुकानातला ट्रम्पेट आणि आमच्याकडचा अ‍ॅकॉर्डियन एकमेकांवर कुरघोडी करत. एकाच्या जागी आता चष्मे मिळतात, दुसऱ्याच्या जागी मोबाइलची कव्हरे, तिसऱ्याला तीन वर्षे "भाड्याने देणे" ही पाटी आहे आणि पाटीवरचा फोन नंबरही आता लागत नाही. आधी स्वरलिपीच्या पुस्तकांचे कपाट ओस पडले. मग शाळांनी वाद्यवृंद बंद केले. मग माणसे दुकानात येऊन वाद्यांचे नव्हे, त्यांना लावलेल्या किमतीच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढू लागली.

एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. भावाने तिच्यासाठी दोन तास घालवले, अकरा व्हायोलिने वाजवून दाखवली, तिच्या हनुवटीची आणि खांद्याची मापे घेतली आणि सातवे निवडून दिले. गृहस्थांनी फोटो काढला, "विचार करून सांगतो" म्हणाले. तीन आठवड्यांनी, इंटरनेटवरून स्वस्तात मागवलेले तसेच व्हायोलिन कुरिअरच्या खोक्यातून घेऊन आले. तारांखालची लाकडी घोडी वाटेत आडवी झाली होती. "एवढी बसवून देता का?"

भावाने बसवून दिली. सूरही लावून दिले. पैसे घेतले नाहीत.

मी म्हटले, "अरे, लाज आहे का तुला?"

तो म्हणाला, "ताई, त्या पोरीनं काय केलंय?"

आमच्या दोघांतला फरक कोणाला समजून घ्यायचा असेल तर एवढे पुरे आहे.

कलम २. दर्शनी काचेतला काळा पियानो. तो फुकट नेण्यासाठी मी चार वेळा जाहिरात दिली. दोघे बघायला आले. एकाने जिन्याची रुंदी मोजली आणि गेला. दुसऱ्याला आतले लोखंड किती किलो भरेल ते हवे होते. तो मोडणाऱ्याला द्यावा. कोणी हळहळ करत बसू नये. तीस वर्षे त्याची धूळ मी पुसली आहे, तो अधिकार माझा.

कलम ३. दुकानातला शिल्लक माल, म्हणजे गिटारी, बासऱ्या, तारांची पाकिटे, कव्हरे, माझ्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून नेमलेले शेजारचे घड्याळजी यांनी योग्य वाटेल तसा निकालात काढावा. मात्र कामाच्या खोलीत वरच्या फळीवर कापडाखाली झाकलेली अकरा व्हायोलिने विकू नयेत. त्यांच्या पोटात चिकटवलेली लेबले आधी खरवडून काढावीत. मगच ती, जिथे अजून कोणी शिकवत असेल अशा शाळेला द्यावीत. अशी शाळा मी शोधली. मला सापडली नाही. घड्याळजींनी पुन्हा एकदा शोधावी.

कलम ४. ही लेबले कशाची, ते आता लिहिते.

माझा भाऊ व्हायोलिने बनवत असे. एकाला त्याला अडीच-तीन महिने लागत. लाकूड तो वर्षानुवर्षे वाळवत ठेवी. व्हायोलिनच्या पोटावर दोन वळणदार चिरा असतात. त्यांतल्या डावीकडच्या चिरेतून डोकावले की आत एक छोटे लेबल दिसे: हाताने लिहिलेला आकडा, वर्ष आणि त्याची सही. उभ्या आयुष्यात त्याने छप्पन बनवली. ज्यांना कळत होते ते लांबून येत.

बारा वर्षांपूर्वी दुकानाची अवस्था अशी झाली की दोन-दोन दिवस दार उघडल्याची घंटा वाजत नसे. त्याच सुमारास भाऊ मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेला आणि पुढे तीन आठवडे घरी होता. त्या तीन आठवड्यांत मी कारखान्यात यंत्रावर कापलेली तीस व्हायोलिने मागवली. छापखान्यातून भावाच्या लेबलासारखी लेबले आणली. त्यांवर त्याची सही मी केली. शाळेत असताना त्याच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही मीच करत असे, तेव्हा हात तयार होता. लांब चिमट्याने एकेक लेबल आत सरकवून सरसाने चिकटवले. ती मी वरच्या खोलीत लपवली आणि एकेक काढून "भावाच्या हातची" म्हणून विकली. दोन वर्षांत एकोणीस गेली. भावाला मी सांगत होते की विजेचे पियानो खपताहेत.

मग एक दिवस संगीताचे मास्तर, ज्यांचे निम्मे विद्यार्थी आमचे गिऱ्हाईक होते, मान तडकलेले एक व्हायोलिन दुरुस्तीला घेऊन आले. भावाने मागच्या खोलीत नेऊन वरची फळी उघडली. बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून मी आत गेले. तो लेबलाकडे बघत बसला होता.

"ताई, हे मी केलेलं नाही."

त्याने लेबलावरून अंगठा फिरवला.

"सही माझी आहे. पण हे मी केलेलं नाही."

मी म्हटले, "दुकान चालायला नको का? तुझी छप्पन व्हायोलिनं पोटाला घालतात का?"

"किती विकलीस?"

"एकोणीस."

त्याने ती फळी पुन्हा बसवायला घेतली. सरस लावला, पकडी आवळल्या, बाहेर ओघळलेला सरस ओल्या फडक्याने पुसला. मग म्हणाला, "लोकांना बोलावून पैसे परत दे. नाहीतर मी येणार नाही." मी म्हटले, "मग येऊ नकोस." वय अठ्ठावन्न, ऑपरेशन होऊनही दृष्टी अधूच. कुठे जाईल, असा माझा हिशेब होता. तो एप्रन खुंटीला अडकवून गेला.

इथपर्यंतचे पाप माणूस समजून घेईल. पुढचे ऐका. मास्तरांना वाद्य कळत होते, तेव्हा खोटेपणा त्यांच्याही लक्षात आलाच. ते चौथ्या दिवशी दोन पालकांना घेऊन दुकानात आले आणि भर गल्ल्यावर म्हणाले, "तुमचा भाऊ लोकांना फसवतो. कारखान्याचा माल आणून स्वतःची सही ठोकतो." त्या वेळी मी एवढेच बोलले:

"तो आता इथे नसतो."

यात एक अक्षर खोटे नव्हते. पालकांनी माझ्याकडे कणवेने पाहिले. एकीने तर माझा हात हातात घेतला. गावभर झाले की धाकट्याने शेण खाल्ले आणि बिचाऱ्या ताईने त्याला दुकानाबाहेर काढले. भावाने घरी दुरुस्तीची कामे घ्यायची ठरवली होती. त्याच्याकडे कोणी गेले नाही. त्याने कोणापाशी माझे नाव घेतले नाही. भावजयीने एकदा विचारले तेव्हा म्हणाला म्हणे, "बहीण आहे. सांगून काय मिळेल?"

जुन्या चित्रपटगृहाच्या जागी मॉल झाला, तिथे गाड्यांच्या फाटकावर त्याला रखवालदाराचे काम मिळाले. टोपी, शिट्टी, दिवसभर दांडी वर-खाली. मी बाजाराला जायचा रस्ता बदलला. सहा वर्षांत एकदाच चुकून समोरासमोर आलो. मी भांबावून भलतीकडेच निघाले. तो म्हणाला, "ताई, इकडून जा, तिकडून गाड्या येतात." मी त्याने दाखवल्या बाजूने गेले. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, कारण चार वर्षांपूर्वी तो त्याच फाटकावर उभ्या-उभ्या कोसळला आणि दवाखान्यात पोहोचायच्या आत गेला.

तरी मी याद्वारे जाहीर करते की ती एकोणीस व्हायोलिने, त्यांवरील लेबले व सह्या हे सर्व माझे एकटीचे कृत्य आहे. माझ्या भावास त्याची माहिती नव्हती. तो दुकान सोडून गेला नाही. मी त्याला घालवले.

कलम ५. बँकेतल्या शिलकेतून माझ्या अंत्यविधीचा खर्च जावा, तो कमीत कमी असावा. त्यातून उरेल त्यापैकी निम्मी रक्कम एक वर्षभर राखून ठेवावी आणि त्या एकोणिसांपैकी जो कोणी व्हायोलिन घेऊन येईल त्याला त्याने मोजलेली किंमत परत द्यावी. वाद्य त्याच्याकडून काढून घेऊ नये. कोणी मूल त्यावर शिकले असेल. बाकी सर्व भावजयीला.

कलम ६. भावाच्या पटाश्या, रंधे, कानशी, पकडी आणि वाळवलेले लाकूड भाचीला. पटाश्यांना मी दर सहा महिन्यांनी तेल लावले आहे. कोणासाठी लावत होते, मला विचारू नये.

कलम ७. माझ्या चुलत भावाला काही नाही. भावाच्या मयताच्या चौथ्या दिवशी येऊन "आता तरी इथे मोबाइल कव्हरांचं दुकान टाक" हा सल्ला त्यांनी दिला होता. तो मी वापरलेला नाही, कोरा आहे, त्यांना परत करावा.

कलम ८. हे मृत्युपत्र इथेच संपणार होते. मागच्या सोमवारी मी कच्चा मसुदा वाचायला भाचीला बोलावले. बाप गेल्यावर चार वर्षांनी ती दुकानात पाऊल टाकत होती. खुर्ची दिली, बसली नाही. उभ्यानेच सगळे वाचले. मला वाटले रडेल, निदान ओरडेल.

"आत्या, हे लोकांना कधी कळणार?"

"मी गेल्यावर. घड्याळजी वाचून दाखवतील."

"म्हणजे तुला कोणी काही विचारायच्या आत तू निसटणार." तिने कागद गल्ल्यावर ठेवला. "बाबांना जिवंतपणी ऐकावं लागलं. तूही जिवंतपणी सांग."

म्हणून काल दुपारी मी मास्तरांच्या क्लासला गेले. दोन जिने. गुडघ्यांनी पुरता सूड घेतला. सात-आठ मुले कीबोर्ड घेऊन, कानांना हेडफोन लावून बसली होती, त्यामुळे खोलीत फक्त बटणांची टकटक ऐकू येत होती. मास्तर थकले आहेत. मी उभी राहून सगळे सांगितले, तीस व्हायोलिने, लेबले, सही, गल्ल्यावरचे माझे वाक्य. एका मुलीने हेडफोन काढून ऐकले.

मास्तर कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाई, बसा तरी. कुठलं व्हायोलिन म्हणता? भाऊ म्हणजे ते उंच होते ते? मला खरंच आठवत नाही हो. किती वर्षं झाली! तेव्हा रागाच्या भरात बोललो असेन कुणाला काही." आणि मला पाणी दिले. माणूस चांगला आहे. मी पाणी प्याले.

परत येताना भाचीच्या घरावरून आले. तिने दार अर्धे उघडले.

"काय म्हणाले?"

"त्यांना आठवत नाही. कोणालाच आठवत नसेल आता."

तिने माझ्या पायांकडे पाहिले.

"मला आठवतं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतले.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही करते. सही माझी स्वतःची आहे.

ठिकाण: दुकानामागची कामाची खोली
दिनांक: १४ मार्च २०२४, गुरुवार

(सही)
मृत्युपत्र करणारी, वाद्यांच्या दुकानाची मालकीण

साक्षीदार १: (सही) शेजारचे घड्याळजी. मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. या मयत भावाला मी ओळखत होतो आणि मीही त्या वेळी ऐकलेल्यावर विश्वास ठेवला होता.

साक्षीदार २: (सही) डॉक्टरीणबाई. सही माझ्यादेखत झाली. शुद्ध पूर्ण होती.