फिगातेल्लू आतून लालच हवा

१४ डिसेंबर
डुक्कर कापून झालं. फिगातेल्लू मीच भरले: कलेजी, चरबी, लसूण, वाइन. धुरात टांगलेत. असा सॉसेज अख्ख्या कॉर्सिकात कुणाला जमत नाही. शेजारच्या बात्तीला दोन पाठवले. त्यालाही कळू दे.

२२ डिसेंबर
लेक वानिना पॅरिसहून आली. सातवा महिना. जावई तिबोही आलाय, इलाज नाही. ऑक्टोबरमध्ये ऑफिसतर्फे हिंदुस्थानात जाऊन आला. म्हणे सीलबंद बाटलीतलंच पाणी प्यायलो. या माणसाला धड ढेकरही देता येत नाही.
संकल्प: नाताळभर गोड बोलायचं.

२५ डिसेंबर, दुपार
काल फिगातेल्लू निखाऱ्यावर धरला, गळणारी चरबी पावावर टिपली. बाहेरून जरा भाजायचा, आतून लालच हवा. आजोबांपासून तसंच. पहिला तुकडा वानिनाच्या ताटात वाढला. तिबोने तो उचलून परत निखाऱ्यावर ठेवला आणि कोळसा होईपर्यंत उठलाच नाही! म्हणे, गरोदर बाईला अर्धकच्चं नको. माझ्या घरात, माझ्या चुलीवर! मी शांतपणे म्हटलं, प्रेतं जाळायची असतील तर पॅरिसला जा. आंजेल म्हणते, तू ओरडलास. बायकोला शांतपणा ओळखता येत नाही.
वानिनाने तो कोळसा खाल्ला. वर म्हणाली, छान झालाय.

२६ डिसेंबर
गेले. दहा दिवस राहणार होते. पॅरिसवाल्यांना दम नसतो.

३ फेब्रुवारी
थकवा. जेवण जात नाही. बात्तीच्या वाइनचा प्रताप.

६ फेब्रुवारी
लघवी काळ्या कॉफीसारखी. आंजेल म्हणते, तुझे डोळे पिवळे झालेत. या बाईला पडद्यांचा रंग कधी धड निवडता आला नाही.

८ फेब्रुवारी
डॉक्टर सांतोनी म्हणाल्या, कावीळ. हिपॅटायटिस ई. इंटरनेटवर बघितलं: घाणेरडं पाणी, लांबचे देश. लागलीच उलगडा झाला. तिबो!
वानिनाला फोन केला. म्हटलं, तुझ्या नवऱ्याने घरात रोगराई आणली, त्याला सोड आणि माहेरी ये. ती म्हणाली, बाबा, आता मला फोन करू नका. मग फोन बंद. तिकडची लाइन खराबच असते.

१० फेब्रुवारी
तिबोने रक्त तपासून रिपोर्ट पाठवला. काही नाही. वानिनाचाही तसाच. पॅरिसच्या लॅब!

१२ फेब्रुवारी
बात्ती पिवळा झाला. तो तर तिबोला भेटलाही नव्हता. तिबोने जाताना त्याच्या फाटकाला हात लावला असणार.
आंजेल ठणठणीत. लग्नापासून कलेजीला शिवली नाही. तिचा हा एक दोष मी पोटात घातलाय.

१५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी तपासणीसाठी उरलेल्यातला एक फिगातेल्लू मागितला. सगळ्यात उत्तम होता तो दिला. लॅबवाल्यांनाही कधीतरी चांगलं बघायला मिळावं.

२७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. जो विषाणू माझ्या रक्तात, तोच माझ्या फिगातेल्लूत. हिंदुस्थानचा संबंध नाही. इथल्याच डुकरांच्या कलेजीत असतो, आतपर्यंत नीट भाजला की मरतो. मी म्हटलं, माझी डुकरं जंगलातले चेस्टनट खातात. डॉक्टर म्हणाल्या, खात असतील.
निघताना सहज विचारलं, गरोदर बाईने तो लाल तुकडा खाल्ला असता तर? त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, नाही खाल्ला ना? मग बरं झालं.
गाडीत बसलो. किल्ली लागेना. अशक्तपणा.
संकल्प: आज वानिनाला फोन.

२८ फेब्रुवारी
उद्या नक्की.

१७ मार्च
मुलगी झाली. दोघी ठणठणीत. फोन वानिनाचा नव्हता, तिबोचा होता. आधी माझी तब्येत विचारली. त्याला सांगायचं ते सगळं तयार होतं, पंधरा दिवस घोकलेलं. मी विचारलं, पॅरिसला पाऊस आहे का? तो म्हणाला, आहे.
मग म्हणाला, वानिना झोपलीय, उठली की तिला विचारतो, बोलायचंय का. मला अजून फोन आलेला नाही.
शेवटचा फिगातेल्लू उतरवून निखाऱ्यावर ठेवला. बसून राहिलो. किती वेळ लागतो हो याला! तिबो एवढा वेळ कसा बसला असेल, सासऱ्याच्या शिव्या खात.
आंजेलने आतून विचारलं, काय जळतंय?
म्हटलं, काही नाही. नीट भाजतोय.