जुन्या बोटीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, घरात धाकटा आणि यार्डात काडेपेटी या नावाने ओळखला जाणारा, वय तेवीस पूर्ण, धंदा बोटीदुरुस्ती, शिक्षण अर्धवट, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. यार्डात कोणाला वेगळं वाटत असेल तर त्याने ते माझ्या तोंडावर सांगावं. हा कागद मी कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा कोणाला घाबरवण्यासाठी करत नाही. यार्डाचा नियम आहे म्हणून करतो.

नियम असा की जो एकटा बंधाऱ्यापलीकडे बोट नेईल, त्याने आपल्या मागे काय कोणाचं हे लिहून आधी यार्डवाल्या काकांच्या हाती द्यायचं. पूर्वी एकदा एक बोट माणसाशिवाय ओढून आणावी लागली होती. वारस कोण हे ठरेना, म्हणून ती शेडच्या दारातच पडून राहिली आणि तिच्यात वेल वाढला. काकांना त्या वेलाचा अजून राग आहे. माणसाबद्दल ते फार बोलत नाहीत.

आज दुपारी मोठी भरती आहे. माझी बोट पाण्यात खोल बसते, एवढं पाणी चढल्याशिवाय ती खाडीबाहेर पडत नाही. या भरतीला मी एकटा निघून पलीकडच्या बंदरात जाणार आणि तिथेच काम शोधणार, असं मी सगळ्यांसमोर बोललो आहे. बोललो म्हणजे जाणार. सबब पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

एक. माझी एकमेव मोठी मिळकत म्हणजे माझी शिडाची बोट. फायबरग्लासची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. ती मामाने मला स्वतःच्या हाताने दिली. देताना म्हणाला, "तुझ्यासारखीच आहे बघ. कुरकुर फार, पण बुडवायची नाही." तेव्हा ती वरून गळत होती. गळतीवर मामाचा एकच उपाय, वरून पुट्टी फासायची. कठड्याचे खांब, दोर ताणायच्या विंच, दोर बांधायचे क्लीट, डेकवर जे जे म्हणून बोल्टने बसवलेलं होतं त्या प्रत्येकाच्या पायाशी पुट्टीचं वारूळ झालं होतं. आणि पाणी खालून निवांत आपलं काम करत होतं. ते बोल्टच्या भोकातून उतरतं, डेकच्या दोन पातळ थरांमधल्या हलक्या लाकडात शिरतं आणि ते कुजवतं. वरून डेक चकचकीत, पाय दिला की दबतो.

पुढचा एक क्लीट सोडून हे सगळं सामान मी काढून नव्याने बसवलं आहे. बोट ज्याच्याकडे जाईल त्याला पुढेमागे हेच करावं लागेल, म्हणून पद्धत लिहून ठेवतो. जुनं सील खरवडून काढायचं, सगळं, कंटाळा आला तरी. भोक मोठं करायचं. वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतलं ओलं लाकूड कुरतडून काढायचं आणि आत खडखडीत वाळू द्यायचं. मग खालून पट्टी चिकटवून भोक इपॉक्सीने गच्च भरायचं. ते दगडासारखं झालं की त्यातूनच बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा कधी पाणी झिरपलंच तरी लाकडाला लागत नाही. बोल्टच्या गळ्याभोवती ब्यूटिलची चिकट पट्टी मळून गुंडाळायची आणि आवळायचं. पण एका दमात नाही. थोडं आवळायचं, बाजूने ब्यूटिल बाहेर येऊ द्यायचं, थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. आणि फिरवायचा तो नट. बोल्ट हलता कामा नये. बोल्ट फिरला की त्याच्याभोवती बसलेलं सगळं तुटतं आणि पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून हे काम दोघांचं आहे. एकाने वर डेकवर बसून स्क्रूड्रायव्हरने बोल्ट घट्ट धरायचा, दुसऱ्याने खाली केबिनमध्ये आडवं होऊन पान्याने नट फिरवायचा. खाली मी असायचो. वर शिडवाली.

दोन. शिडवाली म्हणजे काकांची मुलगी. शेडच्या माडीवर ती शिडं शिवते. कॉलेज पुरं केलेलं आहे तिने, हे तीच सांगते, मी विचारत नाही. एक अख्खा हंगाम आम्ही दोघांनी डेकवरचं सामान बसवलं. मधे डेक असल्यामुळे बोलणं असं चालायचं.

"धरलंय?"

"धरलंय."

"फिरतोय का?"

"नाही."

"आता?"

"अरे नाही म्हटलं ना, मी काय झोपलेय वर?"

कॉलेजातल्या सगळ्या वर्षांत मी जितकं कोणाशी बोललो नाही, तितकं मी त्या हंगामात बोललो. तिचा आवाज फायबरग्लासमधून आला की सर्दी झाल्यासारखा येतो. मला तो तसाच आवडतो. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आता कागदावर आलं आहे, येऊ दे.

सदर बोट, तिच्या डोलकाठीसह, शिडांसह (ती तिनेच शिवलेली आहेत) आणि सर्व सामानासह, माझ्या पश्चात शिडवालीला मिळावी. तिच्यावर माझी कसलीही अट नाही.

तीन. माझी हत्यारं रंगाऱ्याला द्यावीत. यार्डातला हा रंगारी माझा मित्र आहे, तरी त्याने माझी चांगली पटाशी रंगाचे डबे उघडायला वापरली आणि "कुठली पटाशी?" असं मलाच विचारलं. ती पटाशी आता कायमची त्याची. त्याने त्या पटाशीने डबेच उघडावेत, ती दुसऱ्या कशाच्या लायकीची राहिलेली नाही.

चार. आईला मी काय देणार. माझी खोली तिने घ्यावी आणि शिवणयंत्र तिथल्या खिडकीशी आणावं. तिला ती खिडकी कधीपासून हवी आहे. बोलत नाही.

पाच. कॉलेजची पुस्तकं बाबांची. मी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेतून मधेच उठून आलो, हे सर्वांना ठाऊक आहे. पेपर अवघड नव्हता. पर्यवेक्षक सर माझ्या मागे उभे राहून शेजारच्याला म्हणाले, "याच्याकडे बघून लिहू नकोस, दोघं बुडाल." मी पेपर त्यांच्या हातात ठेवला आणि निघालो. त्या सरांना माझ्याकडून काही नाही. बाबांनी त्या सगळ्या पुस्तकांना नवीन कव्हरं घालून ठेवली आहेत. कशासाठी ते मी विचारलं नाही. पुस्तकं आहेत तशी त्यांच्या कपाटात राहावीत, रद्दीत घालू नयेत.

सहा. भांडणाविषयी. तेही मागे राहणार, म्हणून नीट नोंदवून ठेवतो. गेल्या महिन्यात, कठड्याचा शेवटचा खांब बसवून झाल्यावर, शिडवाली धक्क्यावर सर्वांसमोर मला म्हणाली, "तेवढा एक पेपर देऊन टाक ना. एवढ्या बोल्टांना धीर धरलास, एका पेपराला काय होतं?"

मी म्हणालो, "तुझ्या बाबांना पदवीवाला जावई हवाय का?"

ती म्हणाली, "माझ्या बाबांनी तुला जावई कधी म्हटलं?"

सगळे हसले. काकाही. मग मी काय काय बोललो ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे, पुन्हा लिहीत नाही. त्यातच एकट्याने निघून जायचं आलं. तेव्हापासून ती माझ्या बोटीवर आलेली नाही. बोटीच्या नाकावरचा पुढचा मोठा क्लीट तेवढा बसवायचा राहिला. तो एकट्याने होत नाही. मी वर स्क्रूड्रायव्हर अडकवून, दोरीने बांधून, नाना खटपटी करून पाहिल्या, बोल्ट फिरतोच. म्हणून तो क्लीट जुनाच आहे आणि मी तसाच निघणार आहे.

सात. इथपर्यंत लिहून झालं तेव्हा काका कागद न्यायला बोटीवर आले. साक्षीसाठी रंगाऱ्याला घेऊन आले होते, त्याचे हात निळे. काकांनी उभ्याउभ्या वाचलं.

"बोट माझ्या पोरीला?"

"हो."

"तिला विचारलंस?"

"मी गेल्यावर कळेल."

"लोक जिवंतपणी विचारतात बाबा," काका म्हणाले आणि माडीकडे तोंड करून ओरडले, "अगं ए! खाली ये, तुझ्या नावाने काहीतरी लिहिलंय!"

ती आली. शिवताना सुई ढकलायला तळहाताला चामड्याचा पट्टा बांधतात, तो तसाच हातावर. धक्क्यावर उभी राहून सगळं वाचलं. दुसरं कलम तिने किती वेळा वाचलं ते मला दिसलं नाही, कारण मी मुद्दाम दोर गुंडाळत होतो. मग कागद काकांच्या हातात देऊन ती सरळ बोटीच्या नाकावर गेली, स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने पुढच्या क्लीटभोवती ठोकू लागली. टक, टक, टक. मग बद्द, म्हणजे खाली लाकूड कुजलेलं. पुढे सगळीकडे बद्द.

"ऐकू येतंय ना?" ती म्हणाली. भांडणानंतरचं तिचं पहिलं वाक्य.

"चालेल तेवढं."

"पलीकडे वारा फिरला आणि बाहेर नांगर टाकून थांबायची वेळ आली, तर सगळी बोट या एका क्लीटवर ओढ घेणार. तेव्हा चालेल?"

"तुला काय करायचंय?"

"मला? बोट मला मिळणार आहे ना? मग माझा क्लीट मी बघणार."

रंगारी हसला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला.

मग ती म्हणाली, "बाबा, रंगाऱ्याला हात धुवायला पाठवू नका. साक्ष मी करते."

"तुला चालत नाही," काका म्हणाले. "ज्याला काही मिळतं त्याने साक्ष केली, तर त्याचं मिळणं रद्द होतं. बोट जाईल तुझी."

"माहितेय. म्हणूनच."

यावर मी भडकलो. "नको असेल तर तोंडाने सांग. सहीच्या आडून कशाला?" हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो. समोरच्या बोटीवरचे लोकसुद्धा काम थांबवून बघत होते.

"तोंडाने सांगते," ती म्हणाली. "तू मेल्यावरची बोट मला नकोय. मी वर स्क्रूड्रायव्हर धरून बसू आणि खाली पाना कोण फिरवणार? तुझा आत्मा?"

"आणि मी मेलो नाही तर?"

"ते नंतर बोलू. आधी हा क्लीट काढ."

"भरती चढतेय."

"चढू दे."

मी काकांकडे पाहिलं. काका पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "मी कोणाला अजून जावई म्हटलेलं नाही," आणि रंगाऱ्याला घेऊन धक्क्यावर उतरले.

नोंद राहावी म्हणून लिहितो की नट सैल करण्याआधी मी बराच वेळ पाना हातात घेऊन खाली पडून होतो. क्लीट एकदा उपटला की नाकावर उघडी भोकं, आणि तशी बोट घेऊन कोणी बाहेर जात नाही. म्हणजे भरती गेली, माझा शब्द गेला, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना तोंड द्यायचं. वरून आवाज आला, "धरलंय." सर्दी झाल्यासारखा. मी फिरवला.

पहिला नट निघाला तसं भोकातून तपकिरी पाणी माझ्या बाहीत उतरलं. बाकीच्यांचंही तेच. आतलं लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं बोटाने निघत होतं. हा क्लीट पलीकडच्या बंदरात टिकला असता की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. भरतीने बोट उचलली, धक्क्याला घासली आणि हळूहळू पुन्हा खाली ठेवली. क्लीट नाही म्हणून पुढचा दोर आम्ही तोवर डोलकाठीच्या बुडाशी बांधला होता. रंगारी शेडच्या दारातून ओरडला, "काय काडेपेटी, गेला नाहीस?" उत्तर तिने दिलं. ते कायदेशीर कागदात लिहिण्यासारखं नाही.

आठ. सबब कलम दोनमधली व्यवस्था मी रद्द करतो. त्या कलमातला बाकीचा मजकूर मात्र कायम ठेवतो. बोट आता माझ्या पश्चात माझ्या मोठ्या भावाला, दादाला जाईल. दादाला धक्क्यावर उभं राहूनही मळमळतं आणि तो ती पहिल्या येणाऱ्याला देऊन टाकेल, पुट्टीवाल्यालासुद्धा. तेव्हा मला बरेच दिवस टिकून राहणं भाग आहे.

नऊ. कलम तीन, चार आणि पाच आहेत तशीच राहतील. पाचव्याविषयी तिने पुन्हा विषय काढला नाही. मीही काढलेला नाही. परीक्षेचा अर्ज कधी भरायचा असतो, हे मी बाबांना विचारणार आहे. विचारणार आहे एवढंच. भरणार आहे असं कोणी वाचू नये.

दहा. कलम सहा मी मागे घेत नाही. जे झालं ते झालं. पण ते वारसाहक्काने कोणाकडेही जाऊ नये, माझ्याबरोबरच संपावं.

अकरा. नाकावरची भोकं वाळायला घातली आहेत. ती भरून, क्लीट बसवून, नट दोनदा आवळून होईपर्यंत पुढची मोठी भरती येईल. तेव्हा बोटीवर दोन माणसं असली तर यार्डाचा नियम लागू होत नाही आणि या कागदाची गरजही पडत नाही, असं काकांचं म्हणणं. तरी कागद त्यांनी आपल्या कपाटात ठेवावा. दुसरं माणूस येणार की नाही हे अजून ठरलेलं नाही. विचारलं आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, काकांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि मला समजला. सही केबिनमध्ये केली. साक्षीदारांना दिसावं म्हणून वरची झडप उघडी ठेवली होती, आणि सही करताना त्यांनी मला व मी त्यांना प्रत्यक्ष पाहिले.

लिहून ठेवणार: धाकटा उर्फ काडेपेटी (सही)

साक्षीदार एक: यार्डवाले काका (सही)
शेरा: बोटीचं काम चांगलं आहे. माणसाबद्दलचं मत राखून ठेवतो.

साक्षीदार दोन: शिडवाली (सही)
शेरा: या कागदाने मला काहीही मिळणार नाही, हे मान्य. कलम अकराला उत्तर, होय.

ठिकाण: धक्क्याला बांधलेल्या बोटीची केबिन

तारीख: मोठ्या भरतीचा दिवस, पाणी ओसरल्यावर