मढीचा अंगारा

तिसगाव, ६ नोव्हेंबर १९४४

आजही तेच! अंधारातच प्रार्थनेला बसलो — रॉकेल मिळतंय कुठे — आणि ह्यांचं पुन्हा मोठ्याने, "प्रभू, माझ्या पत्नीच्या, दीनाच्या अल्पविश्वासाची क्षमा कर." सासूबाईंचं लगेच "आमेन!" क्षमा हवी का म्हणून मला विचारलंय कुणी? हे शाळेत पोरांना छडी मारतात ती परवडली.

काय केलं मी एवढं? आमचा तान्हा जॉर्ज तापाने फणफणला होता. डॉक्टर तिकडे नगरला. शेजारच्या बनुबाईने मढीच्या देवळातला अंगारा त्याच्या कपाळाला लावला. मी तिचा हात धरला नाही, हाच माझा गुन्हा! सासूबाईंनी पाहिलं, तसा ह्यांनी घाईघाईने ओल्या फडक्याने पुसला. दोन दिवसांनी बाळ गेलं.

८ नोव्हेंबर

सासूबाईंनी पाळकसाहेबांच्या कानावर घातलंच. निरोप आला — रविवारी प्रभुभोजनाआधी मंडळीसमोर उभं राहून चूक कबूल करायची, नाहीतर त्या भोजनातला भाकर-प्याला मिळणार नाही. हे म्हणतात, "एकदा उभी राहा दीना, संपून जाईल."

संपून जाईल! लेकरू मातीत ठेवलं तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. विश्वास म्हणे! असला विश्वास घाला चुलीत. नाही उभी राहणार मी.

९ नोव्हेंबर

अबोला. भाकरी करपली. करपू दे.

११ नोव्हेंबर

बनुबाई मागच्या दाराने आली नि रडायलाच लागली. "माज्यापायी झालं गं बाई. पर मास्तरास्नी इचार की—" आणि एकदम गप्प. दारात हे उभे. ती तशीच निघून गेली.

मग मीच म्हटलं, "अंगाराच काय, बाळ उठणार असतं तर मी म्हसोबाच्याही पाया पडले असते. बाप म्हणून तुम्हाला नाही कधी असं वाटलं?"

आज प्रार्थनाही झाली नाही. हे जेवलेही नाहीत.

१२ नोव्हेंबर

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. मी बसूनच. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला हे उठले. "तिचा दोष नाही. मढीला मी गेलो होतो. अंगारा मीच बनुबाईच्या हाती दिला." पुढे बोलवेना, हुंदके देऊन रडायला लागले. इतके दिवस सगळं माझ्यावर ढकलून—! असा संताप आला, वाटलं उठून चालू लागावं. उठलेही. आणि गेले ती त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.